पहिला नग देवाला

पाचशे एक स्प्रिंगा बनल्या, पेटीत पाचशेच आहेत, मग एक गेली कुठे, एवढंच तपासणीला आलेल्या सरकारी अधिकारी बाईंनी विचारलं आणि धम्मदीपच्या तोंडचं पाणी पळालं.

रुद्रप्पा अण्णांच्या सोलापुरातल्या कारखान्यात आजवर यंत्रमागाच्या स्प्रिंगा बनत. बंदुकीच्या स्प्रिंगा परदेशी पाठवायचं हे पहिलंच काम. सरकारी परवानगीसाठी कारकून धम्मदीपने आठ महिने कागद रंगवले होते. शस्त्राचा भाग, म्हणून नगाननगाचा हिशेब. ज्याच्या हाती जाईल त्याने लिहून द्यायचं, की हा दुसऱ्या कामाला लावणार नाही. एक नग जुळला नाही तर परवानगी रद्द, आणि तिच्यामागोमाग धम्मदीपची नोकरीही.

अण्णा मात्र निर्धास्त होते. "ती व्हय? दुधनीला हाय की, आमच्या देवळात. पहिला नग देवाला, आज्जापासनं चालत आलंय."

बाई हसल्या नाहीत. देव असला तरी लेखी हवंच, म्हणाल्या. अण्णांनी पुजारी बसूला फोन लावून स्पीकरवर टाकला. शस्त्र म्हटल्याबरोबर बसूने सहीला साफ नकार दिला. वर त्याचा प्रामाणिकपणा आडवा आला. स्प्रिंग देवापुढे नुसती पडून होती, म्हणून त्याने ती देवळाच्या फाटकाला लावली होती; शेळ्या आत शिरून हार खात होत्या.

"म्हणजे वापरही बदलला," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

"कसला वापर," पलीकडून बसू कुरकुरला, "दोन दिवसात ढिली पडली की. शेळ्या येत्यातच."

धम्मदीप ताडकन उठला. घाबरण्याच्या भरात चाचणीची वही त्याच्या डोक्यातूनच गेली होती. पहिलंच पान उघडलं: नग पहिला, ताण कमी, नापास. यंत्र जुळवताना पहिला नग कधी पास होतो का? आणि नापास नग म्हणजे भंगार, त्याला परवानगी कशाला? बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, बसूकडून शेळ्यांची पुन्हा खात्री करून घेतली आणि पेटीला सील लावलं. धम्मदीपला इतकं हायसं वाटलं, की त्याने बाईंना आग्रह करकरून दोनदा चहा पाजला.

बाई गेल्या तसे अण्णा उठले. चेहरा पार उतरलेला होता.

"म्हंजी तीन पिढ्या आमी देवाला नापास नग देतोय?" ते म्हणाले आणि पक्कड घेऊन पेटीकडे निघाले.

ट्रक येईपर्यंत धम्मदीप त्या पेटीवर मांडी घालून बसून राहिला.