हरेश्वरचं टिंब

हरेश्वर टिंब उच्चारतो. आपण लिहिताना देतो ते टिंब, तो तोंडाने देतो. औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावरच्या टपरीसमोर उभा राहून तो म्हणतो, "चहा, टिंब, साखर कमी, टिंब, आलं घालून, टिंब, दोन, टिंब, आण." टपरीवाला गोरखपूरकडचा. सुरुवातीला तो वैतागायचा. "भैया, सीधा बोलो ना, दो कम मीठा!" आता तोच लांबून ओरडतो, "हरेश्वरभाई, खारी टिंब?"

आम्ही दोघं बोईसरच्या एका छोट्या कंपनीत शेजारी शेजारी बसतो. कारखान्यांसाठी हजेरीचं, गोदामाचं सॉफ्टवेअर करतो. पदाने मी त्याचा वरिष्ठ. कामात कोण वरिष्ठ, यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

टिंबाचं मूळ या कामातच आहे. डेटाबेसकडून माहिती मागवायची तर ती आम्ही कोडमध्ये टिंबाने कडीला कडी जोडून मागतो. कामगार, टिंब, रात्रपाळीतले, टिंब, आज न आलेले, टिंब, नावाच्या क्रमाने. प्रत्येक कडी एक अट घालते आणि साखळी पुढच्या कडीच्या हातात देते. गंमत अशी की अशा कितीही कड्या जोडा, तिकडे डेटाबेसला पत्तासुद्धा नसतो. शेवटी 'आण' ही कडी लागली की मगच मागणी जाते आणि असेल ते समोर येतं.

बाकीचे लोक हे शिकतात आणि विसरतात. हरेश्वरने त्याचं व्रत केलं. साखळी पुरी झाली की 'आण' लिहिण्याआधी तो उठतो, बेसिनवर हात धुतो, पाणी पितो आणि मग येऊन बसतो. एकदा एका कारखान्याचा स्टोअरकीपर फोनवर खोळंबला होता, ट्रक दारात उभा होता आणि आमचे शेठ हरेश्वरच्या खुर्चीमागे उभे होते. हरेश्वर हात धुवायला गेला.

"अरे बाबा, आण की आता!" शेठ किंचाळले.

"शेठ, आण म्हटलं की झालं. तवर काय झालेलंच नाय."

तो माहीमचा. मुंबईचं नव्हे, आमच्या पालघरचं माहीम. वडिलांची होडी होती. मला तो समजावायचा, "सर, जाळं टाकलं म्हंजे मासळी आली असं नाय. ओढाल तवा कळंल. न ओढलेलं जाळं कुणाचं रिकामं नसतं."

मी हसायचो. मला वाटायचं, हा कामचुकारपणाचा सुंदर मुलामा आहे.

चाळिशी आली तरी त्याचं लग्न झालेलं नाही. एकदा मुलगी पाहायला वडीलधारा म्हणून मला नेलं होतं. मुलीच्या मामांनी साधं विचारलं, "घरी कोण कोण असतं?" हरेश्वर सुरू झाला, "घर, टिंब, समुद्राच्या अंगाला, टिंब, कौलारू, टिंब, माणसं दोन, टिंब..." आणि थांबला. "दोन कोण?" मामांनी विचारलं. हा उठला आणि त्यांच्याच मोरीवर हात धुऊन आला. परत येऊन पोहे छान झाल्याचं म्हणाला. आम्ही निघताना मामा मला म्हणाले, "मुलगा चांगला हाय हो. पन पोचत नाय कुठंच."

आता फोनचं सांगतो. त्यातलं माझं वागणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रोज दुपारी, दिवस कलायच्या सुमाराला, त्याचा मोबाईल वाजायचा. काम कितीही तातडीचं असो, तो उचलायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "केळव्याला गेली हाय. मग माकुणसारला. मग सफाळ्याच्या बाजारला." पलीकडून काही विचारलं जाई, हा आणखी एक गाव जोडी. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ऑफिसात सगळे म्हणत, हरेश्वरने टेम्पोचा जोडधंदा काढलाय. मीही त्यात एक-दोन विनोद घातले. शेवटी शेठ म्हणाले, हे फोन बंद करा, आणि मी ते त्याला सांगितलं. जरा कडकच सांगितलं. वरिष्ठपण दाखवायला फार जागा मिळत नाही हो आमच्या धंद्यात.

तो शांतपणे म्हणाला, "मग राजीनामा लिहितो सर." टिंब न देता म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

अर्धं सॉफ्टवेअर त्याच्या डोक्यात होतं. त्याला वळवून आणायचं म्हणून रविवारी मी स्कूटर काढली आणि माहीमला गेलो. दुसरीही एक गोष्ट मनात होती. मागल्या पावसाळ्यात त्याची आई वारली, तेव्हा मी भेटायला गेलो नव्हतो. पाऊस होता, मग वर्षअखेरीचं काम होतं, मग फारच उशीर झाला होता. आता घरी जातोच आहे तर तेही बोलून टाकू, असं ठरवलं होतं.

ओट्यावर त्याचे वडील बसले होते. स्वच्छ बनियन, हातात फाटक्या जाळ्याचा तुकडा. हरेश्वर "चहा ठेवतो" म्हणून आत गेला. मी म्हाताऱ्यांच्या पाया पडलो आणि रीतीप्रमाणे म्हणालो, "बाबा, काकी गेल्याचं कळलं होतं. यायला जमलं नाही. वाईट वाटलं."

"कोन गेली?"

इथे कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येत असेल, असं वाटून मी आवाज चढवला, "काकी हो. हरेश्वरची आई."

त्यांनी जाळं खाली ठेवलं. उठायला गेले, जमलं नाही. "मला कोन बोलला नाय," म्हणाले. "पोरा! मला कोन बोलला नाय रं!" आणि ते रडायला लागले. ती त्या क्षणी गेली असावी असे रडले, कारण त्यांच्यापुरती ती त्याच क्षणी गेली होती. त्यांच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. आई गेल्यावर पहिले काही दिवस हरेश्वर त्यांना खरं सांगत राहिला होता आणि दर वेळी हेच झालं होतं.

हरेश्वर बाहेर आला. माझ्याकडे पाहिलंही नाही. वडिलांच्या पाठीवर हात ठेवून नुसता बसून राहिला. चहा आत उतू गेला, त्याचा वास आला, कुणी उठलं नाही. हळूहळू रडणं ओसरलं. म्हाताऱ्यांनी जाळं उचललं, इकडेतिकडे पाहिलं, आणि विचारलं, "तुजी आय कुठं हाय रं?"

हरेश्वर उठला. पिंपातून पाणी घेऊन हात धुतले, घोटभर प्यायला, परत येऊन बसला.

"केळव्याला गेली हाय. सुकट घेऊन."

"मंग?"

"मग माकुणसारला."

"मंग?"

"मग सफाळ्याच्या बाजारला."

म्हातारे समाधानाने मान हलवून जाळं विणायला लागले. 'आण' कुणी म्हटलं नाही.

स्कूटरपर्यंत तो सोडायला आला. मी खिशात किल्ली शोधत होतो. तोच म्हणाला, "मी न सांगताच तुमाला बाबांजवळ बसवलं. तुमी आण बोललात, एवढंच. सर, दुपारीच इचारतात. तिची बाजारातून यायची येळ ती. शेजारची मावशी फोन लावून देते."

सोमवारी मी शेठना म्हणालो, हरेश्वर परत येतोय आणि फोन चालू राहील. नसेल चालत तर माझाही राजीनामा घ्या. शेठ म्हणाले, "तुम्हाला काय झालं?" ते मी त्यांना सांगितलं नाही.

परवा हरेश्वर बेसिनवर गेला असताना त्याचा मोबाईल वाजला. पडद्यावर 'घर' होतं. मी उचलला.

"तुजी आय कुठं हाय रं?"

मी आयुष्यात कधी कुणाला गोष्ट सांगितलेली नाही. स्वतःच्या मुलांनाही नाही. "सफाळ्याला," म्हणालो.

"मंग?"

पुढची कडी मला माहीत नव्हती. हरेश्वर ओल्या हातांनी दारात येऊन उभा होता, पण त्याने फोन मागितला नाही.

"मग वैतरण्याला," मी म्हणालो.

"एवढ्या लांब?" म्हातारे हसले. "म्हंजे आज माल खपला नाय तिचा. येळ होईल. मी भात टाकतो. तिचापन टाकू?"

"टाका," मी म्हणालो.