ट्रायपॉडच्या पोटात आठ सुया

विमानतळावरच्या तपासणीच्या पट्ट्यावरून माईंची पर्स गेली, आप्पांचा कॅमेरा गेला, पाण्याचा थर्मास गेला. जुन्या चादरीत शिवून टाकलेला लांबलचक ट्रायपॉड आत गेला आणि पट्टा थांबला.

पडद्यासमोरचा तपासनीस पुढे झुकला. मग आणखी झुकला. त्याने शेजारच्या बाईंना बोलावलं. त्या दोघांनी मिळून साहेबांना बोलावलं.

"आजोबा, हे काय आहे?"

"स्टँड आहे, कॅमेऱ्याचं."

"पाय तीनच दिसतायत."

"तीनच असतात. चौथा लागत नाही."

हा ट्रायपॉड आप्पांच्या स्टुडिओत चाळीस वर्षं उभा होता. अर्धं गाव त्याच्यासमोर बसून गेलं. नोकरीच्या अर्जासाठी ताठ मानेनं बसलेली मुलं, भोकाड पसरलेली बाळं, दात नसल्यामुळे ओठ घट्ट मिटून बसलेल्या आज्या. आप्पा आणि माई मात्र त्याच्यासमोर एकत्र कधी बसले नव्हते. त्यांच्या लग्नात फोटोवाला आलाच नाही, तेव्हा नवरदेवानंच कॅमेरा हातात घेतला होता. आल्बमच्या पानापानावर माई एकट्याच. बघणारी प्रत्येक बाई हळूच विचारायची, "आणि नवरा कुठाय हो?" पुढे स्टुडिओच्या धबडग्यात ते राहूनच गेलं.

आता परदेशात लेकीकडे लग्नाचा पन्नासावा वाढदिवस व्हायचा होता. तिथे आपल्या ट्रायपॉडवर आपला कॅमेरा लावून दोघांनी समोर बसायचं, असं आप्पांनी माईंना कबूल केलं होतं. लेकीच्या फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. सामानवाल्यांवर तर त्याहून नव्हता, म्हणून ट्रायपॉड हातात.

"पायांत काय भरलंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. पोकळ आहेत ते."

साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तिन्ही नळ्यांच्या आत लांब, टोकदार सळया स्पष्ट दिसत होत्या. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याला चाळीस वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसलं, त्याच्या पोटात हे असं काही निघावं?

"सुया आहेत," माई म्हणाल्या.

"कसल्या सुया?"

"विणकामाच्या. आठ आहेत."

"अगं, तू माझ्या स्टँडमध्ये सुया घातल्यास?"

"जागा मोकळी होती. खालची रबरं काढली, सुया घातल्या, रबरं परत लावली. बॅगेत वाकल्या असत्या त्या."

माईंच्या हातून सामान भरताना कुठलीच पोकळ वस्तू रिकामी जात नसे. बुटांत मोजे, मोज्यांत वाट्या, वाट्यांत औषधं. संसार दोन खोल्यांत केलेला. सवय जाते कुठे. साहेबांची नजर सावकाश आप्पांच्या बुटांवर गेली.

"आजी, आणखी कशाकशात काय आहे, ते आत्ताच सांगा."

"थर्मासमध्ये लोकर आहे."

"कॅमेऱ्याच्या पेटीत?" हे आप्पांनीच घाबरून विचारलं.

"तिथे नुसती बटणं."

चादर उसवायला कात्री हवी होती. ती मोठ्या बॅगेत होती आणि बॅग मघाच विमानात चढवायला गेली होती. शेवटी बाईंनी नखांनी टाके ओढले. माईंची शिलाई पक्की. शेवटचा टाका असा हिसक्यानं निघाला की एका पायाची पकड सुटली, नळी सर्रकन बाहेर आली, तिचं रबर उडालं आणि तीन सुया खणखणत फरशीवरून रांगेच्या दिशेनं गेल्या. रांग चार पावलं मागे सरली. एका गृहस्थांनी कोणी न सांगताच हात वर केले.

साहेबांनी घाम पुसला. "हे विमानात जाणार नाही. सुयाही नाहीत आणि स्टँडही नाही. सामान घेण्याची वेळ संपली. एक तर हे इथे जमा करा, नाहीतर तुम्ही थांबा."

"मग मी थांबतो," आप्पा म्हणाले. "हिला पाठवा."

"म्हणजे तिथेही मी एकटीच का?" माई म्हणाल्या.

आप्पांनी जमा करण्याचा कागद पुढे ओढला. त्यावर सही केली.

"आता दोघं या टेबलामागे उभे राहा," साहेब म्हणाले. "जमा केलेल्या वस्तूबरोबर प्रवाशांचा फोटो घ्यावा लागतो. नियम आहे."

साहेबांनी खणातून छोटा कॅमेरा काढला. आप्पांना राहवलं नाही.

"साहेब, उजेड आमच्या मागे आहे. चेहरे काळे येतील. इकडून घ्या."

साहेब इकडे आले.

"गुडघ्यात जरा वाका. आणि हात हलतोय तुमचा, हे स्टँड घ्या."

"स्टँड फोटोत हवंय, आजोबा."

"मग कोपर पोटाला टेकवा."

साहेबांनी कोपर पोटाला टेकवून फोटो काढला. माईंनी डोकावून पाहिलं. आप्पांचे डोळे मिटलेले होते. चाळीस वर्षं लोकांना "डोळे मिटू नका" म्हणणारा माणूस.

"परत काढा," माई म्हणाल्या.

"आजी, नोंदीसाठी चालतो हा."

"तुमच्या नोंदीला चालेल. मला नाही चालत."

"माई, विमान जाईल," आप्पा कळवळून म्हणाले.

"जाऊ दे. तुम्ही डोळे उघडा."

वर त्यांच्या विमानाची शेवटची सूचना चालू होती. साहेब वाकले होते. मघाशी हात वर केलेले गृहस्थ आप्पांना सांगत होते, "मान थोडी डावीकडे, हां, आता हसा." आणि फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरी माईंनी पर्समधून विमानतळावर मिळालेली, घडी घातलेली पावती काढली. खाली छापलं होतं: धातूचा तीनपायी सांगाडा एक, टोकदार सळया आठ, प्रवासी दोन. वर फोटो, त्याच्या कडेला जप्तीचा शिक्का. दोघांचेही डोळे उघडे.

लेक तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "आई, हा जप्तीचा फोटो आहे गं. बसा दोघं, मी छान काढते."

"उजेड बघ किती नेमका पडलाय," आप्पा म्हणाले.

"तुझा नंतर काढू," माई म्हणाल्या. "आधी याला चौकट आण. शिक्का झाकला नाही तरी चालेल, ह्यांचा खांदा कापू नकोस."