सुलभ वाट क्रमांक एक

नवशिक्या सायकलस्वारास रानात सोपी वाट मिळणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. पण माझ्या बायकोच्या, ललिताच्या, डोक्यात ते पक्के लिहिलेले होते. दोन गटारे, एक भाजीची गाडी आणि शेजारच्या वच्छलाबाईंचे वाळवण पार करून ती उतारवयात अकोल्याच्या आमच्या कॉलनीत सायकल शिकली. लगेच म्हणाली, "लोकं जाड टायरच्या सायकली घेऊन पातूरच्या रानात जाऊन राहिले. मले बी जायचं हाय. पन वाट सोपी पायजे."

"पातूरचं रान म्हंजे माह्या तळहात," मी म्हणालो.

"तळहात तरी कधी पाह्यला का तुमी, चष्म्याबिगर?"

खरे म्हणजे मी पातूरच्या लेण्यांच्या पुढे कधी गेलोच नव्हतो. लेण्यांतही सावली पाहून झोपलो होतो. पण एकदा पुढे केलेला तळहात मागे घेता येत नाही. मुलाची, संघपालची, सायकल घेतली. माणूस जिथे जाईल तिथे नकाशावर रेघ ओढणारे एक ॲप त्याने माझ्या मोबाइलमध्ये घातले, आणि मी वाट शोधायला निघालो.

रानाच्या तोंडाशीच बैलगाडीची रुंद, सपाट वाट लागली. दोन्ही बाजूंना पळस. मी विचार केला, इतकी सोपी वाट कोणालाही सापडेल, तिच्यात या देवरावचे कर्तृत्व काय? म्हणून ती सोडली. पुढे सागात शिरलो, सागातून घाणेरीच्या जाळीत, जाळीतून सायकलसकट नाल्यात. तेवढ्यात मागे काहीतरी फुरफुरले. तो वाघ होता असे मी नंतर सांगितले. त्या क्षणी मात्र हत्तीबद्दल माझी खात्री होती. सालईच्या झाडावर चढलो आणि बराच काळ तिथेच राहिलो. खालून एक म्हैस आली. तिने माझ्याकडे दयेने पाहिले आणि ती घरी निघाली. मीही उतरून तिच्या मागे निघालो.

माझा सरासरी वेग म्हशीपेक्षा कमी भरला. ॲपने हिशोब लावला की एवढ्या निवांतपणे जाणारा माणूस फार सुखाच्या वाटेवर असला पाहिजे. माझी रेघ जाहीर झाली: 'नवशिक्यांसाठी अतिसुलभ'.

रविवारी अमरावतीहून सायकलवाल्यांचा जथा आला. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट. संध्याकाळी कपडे रानात ठेवून हेल्मेट तेवढी परत आली. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. वाट अतिसुलभ होती. ती जड गेली असे पहिल्यांदा म्हणणार कोण?

"मस्त हाय ना भौ," कोपर धरून एक जण म्हणाला. "आमची बुढी बी चालवन."

त्याने पाच तारे दिले. दुसऱ्याने लंगडत लंगडत लिहिले, 'लहान मुलांसाठी उत्तम'. माझी रेघ सालईपाशी बराच वेळ थांबली होती, म्हणून पुढच्या रविवारपासून तिथे प्रत्येक जण झाडावर चढून बसू लागला.

मग सुलभ वाट समिती स्थापन झाली. अध्यक्ष सूर्यभानजींनी डांबरी रस्त्यावर, जीपमध्ये बसूनच रानाची सखोल पाहणी केली. तक्रारी मागवल्या. नियम एकच: तक्रारदाराने रानाच्या फाटकापाशी उभे राहून, आपले नाव घेऊन, मोठ्याने सांगावे, 'ही सोपी वाट मला जमली नाही.' एकही तक्रार आली नाही. फाटकावर फलक लागला: 'सुलभ वाट क्रमांक एक'.

आणि ललिताने सायकलला हवा भरली.

माझे धाबे दणाणले. "ललिता, जाऊ नोको. ते वाट नाही, माही फजिती हाय. हात-पाय मोडून घेशीन."

"काहून? मले जमन म्हून पोटात दुखून राह्यलं का?"

"खरं सांगून राहिलो वं!"

"तुमी? खरं?"

जन्मभर ठोकलेल्या थापा त्या दोन शब्दांत वसूल झाल्या. तरी मी बैलगाडीची वाट सुचवली.

"तिले तारे किती?"

"एक बी नाही."

"मंग?"

ती गेली. उन्हे कलेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. शेवटी ती आली: सायकल खांद्यावर, वेणीत घाणेरीची फांदी, गुडघ्यातून रक्त. मला एकच आशा होती. या बाईने आजवर माझी एकही थाप पाहुण्यांसमोर टिकू दिलेली नाही. वऱ्हाडात खरे बोलणारे एकच माणूस उरले असेल, तर ते हेच.

"कशी काय वाट, ताई?" सूर्यभानजींनी विचारले.

तिने फलकाकडे पाहिले, जमलेल्या लोकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ओढणीने गुडघा झाकला.

"सोपी हाय. उतारावर तं झोपच येऊन राह्यली होती."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

असो. आता तुमचे सांगा, ही गोष्ट वाचून हसू आले का? सावकाश सांगा. फक्त एवढे ध्यानात असू द्या, की ती विनोदी म्हणून छापली आहे आणि आजवर एकाही वाचकाची तक्रार आलेली नाही.