गळ आणि तीन ठिपके

"माझे डोळे बांधा," बार्नाबस म्हणायचा, "आणि हातात कुठलीही जपानी काडतुसाची पुंगळी द्या. कुठल्या कारखान्यात जन्मली, कोणत्या साली, आरमाराची की पायदळाची, बुडावर बोट फिरवून सगळी कुंडली सांगतो."

आणि तो खरोखरच सांगायचा. ग्वाडलकनाल बेटाच्या किनाऱ्यावर, कोलिवारा गावात, घरामागे चार खांबांवर पत्रे टाकून त्याने संग्रहालय थाटलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईला पाऊणशे वर्षं होऊन गेली, तरी मोठा पाऊस झाला की कुणाच्या ना कुणाच्या रताळ्याच्या वाफ्यातून एखादी पितळी पुंगळी वर यायचीच. ती थेट बार्नाबसकडे पोचायची. तो ती उलटी करून बुडावरचे ठसे वाचायचा. जहाजाचा नांगर असला तर आरमार. सालाचा आकडा जपानी राजाच्या कारकिर्दीचा, त्यात पंचवीस मिळवले की आपलं साल. पंधरा म्हणजे चाळीस, सतरा म्हणजे बेचाळीस. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या लेस्ली कॉटर नावाच्या गृहस्थांनी या ठशांवर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, आणि बार्नाबसला ते बायबलपेक्षा जास्त पाठ होतं. निदान पाद्रीबाबांची तशी तक्रार होती.

सगळं सुखात चाललं होतं, पण ज्ञान माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

बार्नाबसची आई एथेल ऐंशीची होती. तोंडात दात औषधालासुद्धा उरला नव्हता, पण सुपारीवाचून तिला घटकाभर करमत नसे. सुपारी, पान आणि चुना पितळी खलात घालायचा, लोखंडी दांड्याने ठकठक कुटायचा आणि तो लाल लगदा गालात धरून समुद्राकडे बघत बसायचं. तिचे दात पडले तेव्हा बार्नाबसच्या बापाने एका जपानी तोफेची पुंगळी कापून हा खल केला होता. बाप जाऊन वीस वर्षं झाली, पण ठकठक चालू होती. बुडावर चुन्याचं आणि लाल रसाचं इतकं जाड पुट चढलं होतं, की खाली काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं.

गावातली शेवटची न वाचलेली पुंगळी, आणि ती आपल्याच घरात! बार्नाबसला राहवेना. एका रविवारी आई चर्चला गेलेली बघून त्याने खल उचलला आणि लिंबू, राख लावून घासला. पुटाखालून पंधरा साल निघालं. कारखान्याचा ठसा निघाला. आणि त्याच्या शेजारी निघाला मासे धरायचा एक गळ आणि तीन ठिपके.

बार्नाबसने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीनदा चाळलं. गळ कुठेच नव्हता. त्याने फोटो काढून लेस्ली कॉटरना पाठवला. उत्तर आलं, "चाळीस वर्षांत असा ठसा पाहिला नाही. कुणालाही हात लावू देऊ नका. मी येतोय."

झालं! बार्नाबसने खल टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवला आणि पेटीवर स्वतः बसला.

"बघू तरी," त्याची बायको नेस्टा म्हणाली.

"लांब हो. तुझ्या हाताला खोबरेल आहे, पितळ बिघडतं."

"इतकी वर्षं सासूबाईंचा चुना खाल्ला तेव्हा नाही बिघडलं ते?"

"ते अज्ञानाचे दिवस होते," बार्नाबस म्हणाला.

आईला त्याने बदली म्हणून संग्रहातली एक लखलखीत अमेरिकन पुंगळी कापून दिली. तिने त्यात एकदा सुपारी कुटली, तोंडात घातली आणि थुंकून टाकली.

"माझा खल कधी देणार?" तिने विचारलं.

"आई, तो आता साधा खल राहिला नाही. जगात तसा दुसरा नाही."

"ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली, आणि त्यानंतर ती बार्नाबसशी बोललीच नाही. आठ दिवस घरात ठकठक नाही. गाल आत गेलेली म्हातारी समुद्राकडे पाठ करून बसायची. दोनदा बार्नाबसने पेटी उघडली आणि दोनदा परत लावली, कारण तेवढ्यात त्याला पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत छापलेलं आपलं नाव दिसायला लागायचं.

लेस्ली कॉटर आले ते भिंग, वही आणि तांबडंलाल झालेलं टक्कल घेऊन. गावाने सकाळपासून भट्टी लावली होती. तापल्या दगडांवर केळीच्या पानांत डुक्कर आणि तारोचे कंद शिजत होते. लेस्लींनी त्या वासाकडेही लक्ष दिलं नाही. तासभर भिंग लावून ते खलाच्या बुडाकडे बघत राहिले.

"हाताने ठोकलेला आहे," ते शेवटी म्हणाले. "गळ म्हणजे एखादा गुप्त कारखाना. ठिपके म्हणजे मालिका, ही तिसरी. हा शेवटचा ठिपका बाकीच्यांपेक्षा खोल आहे, बघितलंत? नक्कीच मोठ्या अधिकाऱ्याचा हात. पहिली आणि दुसरी मालिका आजवर कुणाला सापडलेली नाही."

जमलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या.

"हा आमच्या टाउन्सव्हिलच्या संग्रहालयात द्या. काचेच्या कपाटात तुमच्या नावाने राहील. चालेल?"

बार्नाबसने आईकडे बघायचं टाळलं. "चालेल," तो म्हणाला.

जेवणं झाली. कोलिवाराची रीत अशी, की जेवले की पुरुष झाडाखाली आडवे होतात आणि बायका भांडी वेगळी करायला बसतात. सगळ्या घरांची भांडी एकत्र आलेली, तेव्हा प्रत्येक घराची खूण बुडावर. भांडं उलटं करायचं, खूण बघायची आणि ज्याचं त्याच्या ढिगात टाकायचं. बार्नाबसने जन्मात एकही भांडं उलटं करून बघितलं नव्हतं.

लेस्लींना मात्र जेवणानंतर शतपावलीची सवय होती. ते भांड्यांपाशी पोचले आणि ओरडले.

"बार्नाबस! दुसरी मालिका!"

बार्नाबस धावत आला. नेस्टाच्या हातात एक काळंकुट्ट पातेलं उलटं होतं. बुडावर गळ, आणि दोन ठिपके. लेस्लींनी शेजारचा वाडगा उलटा केला. गळ, आणि एक ठिपका.

"पहिली मालिका," ते पुटपुटले. मग त्यांनी वाडग्यावर टिचकी मारली. "पण ही लाकडावर कशी?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ही सासूबाईंची भांडी आहेत," नेस्टा म्हणाली. "ही आमच्या घराची खूण. एवढंच बघायला इतक्या लांबून आले हे?"

आठ दिवस अबोला धरलेली आई तेव्हा बोलली.

"तुझ्या बापाला कुठे अक्षर येत होतं? लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणावळीत माझा वाडगा हरवला. मी रडले, तर त्याने नवा कोरला आणि खाली खिळ्याने ही खूण केली. पण केली कधी, तर तुझी ताई झाल्यावर. आळशी होता. गळ म्हणजे तो, कोळी ना. ठिपके म्हणजे पोरं. वाडग्याच्या वेळी ताई एकटीच. पातेलं आणलं तेव्हा दोघी. खल केला तेव्हा तुम्ही तिघं."

"आणि तो शेवटचा, खोल गेलेला?" बार्नाबसने विचारलं.

"तो तू. तुझा ठिपका मारताना त्याचा हात नेहमीच जोरात पडायचा. दोन मुलींवर झालास ना, फार जीव होता तुझ्यावर. म्हणून बुडाला भोक पाडत होता मेला."

बार्नाबस तिथेच खरकट्या भांड्यांत बसला आणि सगळ्या गावासमोर रडला. लेस्ली कॉटरनी वहीतली चार पानं हळूच फाडून खिशात घातली, खल दोन्ही हातांनी उचलला आणि म्हातारीच्या पुढे ठेवला. तिने कमरेची पिशवी सोडली, सुपारी काढली, आणि ठकठक सुरू झाली.

तेव्हापासून जेवणावळ झाली की बार्नाबस झाडाखाली जात नाही. बायकांच्या रांगेत बसतो, प्रत्येक भांडं उलटं करतो, बुडावर बोट फिरवतो आणि कुणाच्या घरचं ते छातीठोकपणे सांगतो. गेल्या खेपेला पाद्रीबाबांचं पातेलं त्याने अशाच खात्रीने आपलं म्हणून घरी आणलं.