एकपात्री प्रयोगाला किमान पाच जण

एकपात्री प्रयोगाला एक माणूस पुरतो, असा नीरजा साबणेचा प्रामाणिक गैरसमज होता. चिकलठाण्याच्या औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासता तपासता तिनं ‘आमचा नंबर’ लिहिलं. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईची गोष्ट. दुष्काळाचं वर्ष, शहर वाढतंय आणि नळाला पाणी आठ दिवसांनी. विषयासाठी वणवण करावी लागली नाही. नाटक तिनंच बसवलं आणि महोत्सवाचा अर्ज घेऊन ती नाट्यविकास समन्वय समितीत गेली.

कार्यवाह मधुसूदनरावांनी चष्मा पुसला. “निर्मात्या कोण?”

“मी.”

“लेखिका, दिग्दर्शिका?”

“मीच.”

“आणि कलाकार?”

“एकच आहे हो. मी.”

“संघ किमान पाच जणांचा लागतो.”

“पण महोत्सव एकपात्री आहे ना?”

“पात्र एक. संघ पाच जणांचा,” मधुसूदनराव शांतपणे म्हणाले.

प्रकाशयोजनेची जबाबदारीही स्वतःकडे घेऊन नीरजानं पाच ठिकाणी सह्या केल्या. निर्माती या नात्यानं, लेखिकेवर कोणताही दबाव आणलेला नाही, असं लिहून दिलं. दिग्दर्शिका या नात्यानं, अभिनेत्री तालमींना वेळेवर येते, असा दाखला दिला. पुढच्या संघबैठकीला ती एकटीच गेली. इतिवृत्तात नोंद झाली : ‘एक सदस्य उपस्थित, चार विनापरवानगी गैरहजर.’ आठवडाभरात कारखान्याच्या पत्त्यावर चार नोटिसा आल्या. तिनं चौघींच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली. समितीनं मोठ्या मनानं समज देऊन विषय मिटवला.

मग जलवापर निरीक्षक हिमांशू आले. संहितेत भरलेला हंडा सापडला होता.

“टंचाईच्या काळात रंगमंचावर पाणी चालणार नाही.”

“हंडा रिकामाच असतो. पाणी अभिनयातलं आहे.”

“अभिनयातलं किती लिटर?”

“पंधरा,” नीरजा थकून म्हणाली.

त्यांनी आकडा लिहून घेतला. “सांडतं का?”

“शेवटी सांडतं. नाटकच त्यावर उभं आहे.”

“अपव्यय. तो प्रसंग काढा.”

इथं मात्र नीरजा अडून बसली. दोन दिवस रजा टाकून ती समितीच्या बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सशर्त परवानगी मिळाली : सांडलेलं काल्पनिक पाणी कलाकारानं त्याच प्रयोगात पुन्हा गोळा करावं.

तिनं संतापानं तालीम केली. गुडघ्यांवर बसून, नसलेल्या फडक्यानं नसलेलं पाणी टिपून हंड्यात पिळू लागली आणि एक थेंबही मागे राहू नये म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा टिपत राहिली. शेवट आधीपेक्षा चांगला झाला होता. क्षणभर तिला समितीबद्दल कृतज्ञता वाटली, आणि स्वतःची काळजीही.

प्रयोगाला सभागृह गच्च भरलं. अर्ध्या तासात लोक रांगेत तल्लीन झाले. तेवढ्यात एक फोन थरथरला, मग दहा, मग सगळेच. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “सिडकोत पाणी आलं!” पहिल्या रांगेतले रसिक उठले. त्यांच्यामागे गारखेड्याचे, आपल्याकडेही येईल या आशेवर. परीक्षक तिघंही वाकून, कुणाला त्रास न देता निघून गेले. विंगेतून मधुसूदनराव कुजबुजले, “चालू द्या. फक्त वेळेत आटपा.” आणि तेही गेले.

रिकाम्या सभागृहात नीरजानं पाणी सांडलं, टिपलं, पिळलं. तिसऱ्या रांगेत झाडू मांडीवर घेऊन सभागृहाच्या सफाई कामगार आशाबाई बसल्या होत्या.

“लई नेटानं पिळता बाई,” प्रयोग संपल्यावर त्या म्हणाल्या. “तसंच पिळावं लागतं.”

“तुम्हाला नाही जायचं पाणी भरायला?”

“आमच्या वस्तीत नळच नाय. टँकर उद्या. आला तं.”

महोत्सवाच्या प्रमाणपत्रासाठी दोनशे प्रेक्षकांचे लेखी अभिप्राय लागत. सोमवारी नीरजा नकार ऐकायच्या तयारीनंच समितीत गेली. मधुसूदनरावांनी अभिनंदन करून गठ्ठा पुढे सरकवला. अभिप्राय दोनशे अकरा. प्रेक्षकांची गैरसोय नको म्हणून ते दारातच, प्रयोगाआधी भरून घेतले होते. बहुतेकांनी लिहिलं होतं, ‘शेवट पाहून डोळे पाणावले.’ आशाबाईंचा अभिप्राय तेवढा घेता आला नाही. त्यांच्याकडे प्रवेशिका नव्हती.

गठ्ठा समितीच्या कपाटात जपून ठेवलेला आहे. रसिकांनी सवडीनं येऊन आपलं अक्षर ओळखून जावं.