टीव्हीतला शांताराम

जांबे गावातले माझे घरमालक तात्या टीव्हीत माणूस मेला की डोक्यावरून अंघोळ करायचे. थट्टा नाही! त्यांचा मुलगा शहरात राहायला गेला आणि जुना व्हिडिओ गेम मागे टाकून गेला. त्यात टोपीवाले बुटके शिपाई तुरुतुरु पळायचे, बॉम्ब टाकायचे, आणि एखादा मेला की टेकडीवर एक थडगं वाढायचं. शिपायांना नावं देता यायची. तात्या सांगायचे, मी इंग्रजी अक्षरं जुळवायचो. नावं सगळी भावकीतली.

“गणपत पडला! पानी काढा अंघोळीला!”

“अहो तात्या, खोटं आहे ते.”

“खोटं कसं? नाव खरं हाय की!”

काकू वैतागायच्या. “दिसातनं चारदा? साबण काय झाडाला लागतोय?”

त्यात एका शिपायाला ते कधीच लढाईला काढायचे नाहीत. शांताराम. तो आपला तळावर, झाडाखाली. “ऱ्हाऊ द्या त्याला. दमा हाय त्याला.” खरा शांताराम म्हणजे तात्यांचा धाकटा सख्खा भाऊ, तारेच्या कुंपणापलीकडे राहणारा. शेताच्या बांधावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. वावर दोघांनीही केव्हाच विकलं, तिथे कंपनीचं पार्किंग झालं. बांध गेला, अबोला तेवढा राहिला.

एका रविवारी तात्या लग्नाला गेले होते. पुलापलीकडची लढाई पाच महिने अडली होती, एक माणूस कमी पडायचा. म्हटलं, आपण जिंकून ठेवू, म्हातारा खूश होईल. मी शांतारामला पुढे काढलं. पुलावर त्याचा पाय सुरुंगावर पडला. ह्या गेममध्ये मेलेला परत येत नाही, बंद करून लावला तरी थडगं तिथेच.

तात्या आले, टीव्हीपुढे बसले.

“शांताराम कुटंय?”

मी टेकडीवरच्या नव्या थडग्याकडे बोट दाखवलं. काकूंनी सवयीने पाणी काढलं, ते तसंच निवलं. तात्या उठले आणि अनवाणी कुंपणाशी गेले. मी मागोमाग. पलीकडे शांताराम खोकत खोकत म्हशीला पेंड घालत होता. त्याने वर पाहिलं.

“काय?”

नऊ वर्षांतला पहिला शब्द! तात्यांचे ओठ हलले.

“काय न्हाई,” म्हणाले आणि वळले.

मी हातभर अंतरावर होतो. ‘तात्या तुम्हालाच बघायला आलेत,’ एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण मग मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली, गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा पश्चात्ताप अजून होतो.

पुढे मी हिंजवडीत राहायला गेलो. वर्षभराने भेटायला गेलो तर टीव्हीवर कापड टाकलेलं होतं आणि कुंपणापलीकडे म्हैस नव्हती. शांताराम महिन्यापूर्वी दम्यानेच गेला होता.

“बोलला होतात का त्यांच्याशी?” मी विचारलं.

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, “त्यो गेला त्या दिशी दोनदा अंघोळ केली म्या. येक तवाची ऱ्हायली व्हती.”