भास्करभाऊंचा तिसरा रकाना

आमचे भास्करभाऊ कोणी आलं नाही असं कधी म्हणत नाहीत. झाडू मारणारी कांताबाई अकरा वाजेपर्यंत दिसली नाही, तरी ते घड्याळाकडे न बघता सांगतात, "निंगाली असन," म्हणजे घरून निघाली असेल. पाण्याचा टँकर, पाहुणे, टपाल, सगळ्यांबद्दल त्यांचं हेच मत. एकदा चार तास वीज नव्हती. भाऊ बंद कॉम्प्युटरसमोर शांत बसून म्हणाले, "निंगाली असन. थांबा जरासं."

भाऊंची वडसा गावात कंपनी आहे. कामगारांची हजेरी आणि पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ऑफिस एका राइस मिलच्या माडीवर आहे, त्यामुळे कीबोर्ड उलटा करून झटकला की कोंडा पडतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटलं की तिथे काम करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुरुवातीला कोणाला काही विचारायची भीती वाटायची. भाऊंना मात्र विचारता यायचं.

भाऊ स्वतः कॉम्प्युटर शिकलेले नाहीत. ते झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळाचे मॅनेजर होते. हिवाळाभर रोज नवं गाव, रोज नवा मांडव. एकच तबलेवाला तीन मंडळांना वाजवायचा, म्हणून कोण कुठे आहे याची वही भाऊ ठेवत. मांडवात गाव जमलेलं असे आणि आयोजक फोनवर ओरडत, "भाऊ, तबला कुठी हाय?" भाऊ म्हणत, "वाटेत हाय." बहुतेक वेळा तो खरंच वाटेत असे. कधीकधी जेवत असे.

त्या वहीचंच पुढे सॉफ्टवेअर झालं. भाऊंच्या मुलानं, प्रशांतदादांनी, कॉलेजात असताना ते एका जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलं. आधी दोन नाटक मंडळं, मग खालच्या मिलचे हमाल, मग ब्रह्मपुरीचे दोन दवाखाने. आता आम्ही सातजण आहोत. प्रशांतदादांना मी पाहिलेलं नाही. कंपनी नागपूरला न्यायची की नाही यावरून बापलेकांत भांडण झालं आणि ते हैदराबादला नोकरीला निघून गेले. त्याला चार वर्षं झाली. भाऊ तो विषय काढत नाहीत.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन रकाने होते. हजर, गैरहजर आणि वाटेत. मिलमधला एक हमाल एकदा सलग तीन दिवस वाटेत होता. म्हणजे तो सिरोंच्याला बहिणीच्या लग्नात होता. मी भीतभीत म्हटलं, "भाऊ, हा तं गैरहजर हाय."

"काऊन? वापस येनार नाई का तो?"

"तो येईन."

"मंग वाटेतच झाला ना!"

यंदा चंद्रपूरचे एक ठेकेदार आले. ते खाणींवर आणि दवाखान्यांत रखवालदार पुरवतात. त्यांचं काम मिळालं तर कंपनी उभी राहणार होती. नाही मिळालं, तर नाटकांचा मोसम संपल्यावर आम्हा सातजणांना ठेवणं जमणार नव्हतं. हे भाऊंनीच आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. ठेकेदारांना सगळं आवडलं. फक्त तिसऱ्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय हाय? गेटवर मानूस उभा हाय का नाई, तेवढं सांगा. वाटेतल्या मानसाचं मी काय करू? सोमवारपर्यंत काढा, नाई तं राहू द्या."

त्यांचं चूक नव्हतं. आम्ही सगळे भाऊंकडे बघत होतो. भाऊ खिडकीतून खाली पोती चढवणाऱ्या हमालांकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "काढतो."

ते काम माझ्याकडे आलं. रकाना रिकामा झाल्याशिवाय निघत नाही. त्यातलं एकेक नाव आधी हजर किंवा गैरहजरमध्ये टाकावं लागतं. शनिवारी दुपारी आम्ही दोघं बसलो. मी नाव वाचायची, भाऊ सांगायचे. शेवटी आमच्याच ऑफिसच्या यादीतलं एक नाव उरलं. ते मला वाचवेना. भाऊंनी माझ्या खांद्यावरून आधीच वाचलं होतं. प्रशांत. चार वर्षं वाटेत.

"हजर टाकू का?" मी विचारलं. मूर्खासारखंच विचारलं.

"खोटं काऊन टाकतं?"

खाली मिल चालू होती, टेबल हलत होतं.

"तो निंगालाच नाई, पोरी," भाऊ म्हणाले. "मी बोलावलंच नाई त्याले. गैरहजर टाक."

मी टाकलं. रकाना निघाला.

सोमवारी ठेकेदारांचा होकार आला. ऑफिसात सगळे हसत होते, भाऊही हसले. मंगळवारी सकाळी त्यांनी मला ऑफिसच्या किल्ल्या घ्यायला स्टेशनवर बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसले होते, पायाशी नव्या तांदळाची पिशवी. बल्लारशाला उतरून तिथून हैदराबादची गाडी धरणार होते.

"दादाले मालूम हाय का, तुम्ही येऊन राह्यले?"

"नाई. सांगितलं तं नको म्हनन."

गाडी दिसली तसे ते उठले. पिशवी उचलली, परत खाली ठेवली.

"पोरी, त्यानं दार उघडलं का मी पयले काय म्हनू?"

बाबा कामावरून आले की आई जे विचारते, तेच आठवलं.

"जेवला का म्हना, भाऊ."

"हे बरं हाय."

डब्यात पिशवी आधी आत ढकलत, दांडा धरून चढताना ते हळूच म्हणून बघत होते, "जेवला का? जेवला का रे?"